खजूर तोच, पांघरूण वेगळं!

पार्टी ठरवणं तसं सोपं असतं. तारीख ठरते, गच्ची कुणाची ते ठरतं, स्पीकर कोण आणणार तेही ठरतं. गाडी अडते ती पहिल्या प्लेटवर! जेवणाचं एक बरं असतं. चार पदार्थ मांडलेले असतात, ज्याला जे चालेल ते तो वाढून घेतो. पण आल्या आल्या जी प्लेट हातोहात फिरते, तिच्यातलं काहीच चालत नसेल तर माणूस काय करतो? ‘मी खाऊनच निघालोय’ म्हणतो आणि पाण्याचा ग्लास धरून कोपऱ्यात उभा राहतो. पुढच्या पार्टीत नीट बघा, असा एक तरी ग्लासवाला सापडेलच. त्याचं पोट भरलेलं नसतं. ‘यात काय घातलंय?’ असं दहा जणांसमोर विचारायचं त्याच्या जिवावर आलेलं असतं, इतकंच.

आमच्या नांदेड-लातूरकडे तर ही भानगड जरा जास्तच. माझं घर नांदेडला आणि नोकरी लातूरला, त्यामुळे दोन्हीकडच्या गच्च्यांचा मला दांडगा अनुभव आहे! दहा जणांचा ग्रुप धरा. बँकेतली मैत्रीण लिंगायत, घरात अंडंसुद्धा नाही. क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारे सर जैन. कांदा, लसूण, बटाटा बंद. हॉस्पिटलमधला दोस्त मुसलमान, त्याला हलाल असेल तरच. नांदेडचा एक शीख मित्र अमृतधारी, त्याला नेमकं हलाल चालत नाही. एकीचा सोमवार, एकाची एकादशी. आणि उरलेले चौघं ‘काहीही दे यार, भूक लागलीय’ या पंथाचे. द्या आता यांना एक स्टार्टर!

यावर वर्षानुवर्षं आपलं उत्तर ठरलेलं आहे. चिवडा, वेफर्स आणि टूथपिक टोचलेलं पनीर. चालतं सगळ्यांना, पण आठवत कुणालाच नाही. माझं उत्तर वेगळं आहे. खजूर! आत काहीतरी तिखट भरलेला आणि वरून कशात तरी गुंडाळलेला. गोड आणि तिखट एकाच घासात.

साहेबाचा घोडा

हा प्रकार तुम्ही मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर पाहिला असेल. नाव भारी असतं, ‘डेव्हिल्स ऑन हॉर्सबॅक’. म्हणजे घोड्यावर बसलेले सैतान! व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये मोठ्या जेवणात अगदी शेवटी, गोडही खाऊन झाल्यावर, एक खारट घास द्यायची पद्धत होती. हे सैतान त्याच घराण्यातले. आधी ‘एंजल्स ऑन हॉर्सबॅक’ होते, म्हणजे बेकनच्या पट्टीत गुंडाळून भाजलेलं कालव. पांढुरक्या कालवाच्या जागी काळा प्रून किंवा खजूर आला आणि देवदूतांचे सैतान झाले. पुढे कॉकटेल पार्ट्यांचा जमाना आला, तेव्हा जेवणाच्या शेवटी येणारा हा घास उचलून सगळ्यात आधी आणला गेला.

घास गंमतीचाच आहे, यात वाद नाही. सुक्या खजुराच्या वजनात ढोबळमानाने दोन तृतीयांश साखरच असते. नुसते चार खाल्ले की पुरे होतं. पण त्याच खजुराला खारट, आंबट किंवा तिखट जोडीदार दिला आणि वरून कुरकुरीत कवच दिलं, की तोंड थकतच नाही. एक गोड, एक खारट, एक कुरकुरीत... एवढं एकच सूत्र या पदार्थामागे आहे.

पण बेकन म्हणजे डुकराचं मांस. वरची दहा जणांची यादी पुन्हा वाचा. निम्म्याहून जास्त मंडळी जागच्या जागी बाद! गंमत बघा, यातल्या एकालाही खजूर नको नव्हता. अडचण खजुराची नाहीच, त्याच्या पांघरुणाची आहे. मग पांघरूण बदलू या की!

हे तर आपल्या घरातलंच

बदलायला लांब जायची गरज नाही. उपवासाची कचोरी आठवा. बाहेर उकडलेला बटाटा, आत खोबरं, बेदाणे, काजू, हिरवी मिरची आणि चिमूटभर साखर. गोड-तिखट सुकामेवा गुंडाळून तळलेला, हे स्टार्टर नाही तर काय आहे? फक्त आपण ते एकादशीला खातो आणि टूथपिक लावत नाही. सुरळीच्या वडीचं तेच. बेसनाची इतकी तलम पाटी आपल्या हाताशी आहे आणि आपण तिच्यात फक्त खोबरं-कोथिंबीर गुंडाळत बसतो.

शिवाय आपला इतिहास. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड-लातूरचा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजवट गेली, पण स्वयंपाकघरातून ती पूर्ण निघाली नाही, आणि हे बरंच झालं! हैदराबादी शिकमपुरी कबाब घ्या. ‘शिकम’ म्हणजे पोट आणि ‘पुर’ म्हणजे भरलेलं. खिम्याच्या टिक्कीच्या पोटात चक्का, कांदा आणि पुदिना. इथल्या मुस्लिम घरांतल्या लग्नात मिळणारं खुबानी का मीठा घ्या. सुकवलेल्या जर्दाळूला इतका मान देणारं दुसरं पक्वान्न मला माहीत नाही. या दोघांची गाठ घालून दिली की आपला तिसरा पदार्थ तयार.

एकाचा सुटतो, एकाचा टिकतो

आता मला या फळाचं सगळ्यात जास्त कौतुक का वाटतं ते सांगते. रमजानचा महिना चांद्र आहे आणि आपली तिथीही चंद्रावरच चालते. त्यामुळे रमजान उन्हाळ्यात येवो की थंडीत, त्या महिन्यात दोन एकादश्या येतातच. म्हणजे दरवर्षी निदान दोन दिवस असे असतात, की तुमच्या ग्रुपमधल्या एकाचा रोजा असतो आणि दुसऱ्याची एकादशी.

त्या संध्याकाळी सूर्य मावळला की रोजेदार काय उचलतो? खजूर. आणि एकादशीवाल्याला त्याच ताटलीतलं काय चालतं? खजूर! एकाचा उपवास त्यानं सुटतो आणि दुसऱ्याचा उपवास त्यानं मोडत नाही. अशी दोन्हीकडची नोकरी करणारा पदार्थ माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही. आपण मात्र त्याच्यावर बेसन, मैदा नाहीतर मांस गुंडाळून बसतो आणि कुणाला ना कुणाला बाहेर काढतो. प्लेटमध्ये काय गुंडाळलंय यावर पार्टीत कोण रमणार ते ठरतं, हे मी उगाच म्हणत नाही.

नांदेडकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलात तर पंगत एकच आणि जेवण सगळ्यांना चालेल असं शाकाहारी. शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. इतका मोठा धडा गावातच असताना आपल्या गच्चीवरच्या एका प्लेटचं कोडं सुटू नये?

खरेदी करताना

लातूरला असाल तर गंज गोलाई, नांदेडला असाल तर इतवारा. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे कुठून शिरलात ते लक्षात ठेवा, नाहीतर खजुराआधी गाडी शोधावी लागेल!

दुकानदाराला ‘चांगला खजूर द्या’ एवढंच म्हणू नका. आपल्याला तळायचा आहे, म्हणून थोडा कोरडा, सालीला चिकटलेला आणि आकार धरून ठेवणारा खजूर हवा. मेडजूल दिसायला राजबिंडा, पण फार मऊ. तो नुसता खा किंवा विड्यात घाला. कढईत त्याची साखर बाहेर येते आणि जळते. खारीक यासाठी नको, ती डिंकाच्या लाडवाला आणि ओटीलाच शोभते. आणि एक नियम पाळाच. प्रत्येक खजूर उभा चिरून, उघडून, आत बघून मगच भरायचा. वरून चकचकीत दिसणाऱ्या खजुरात कधीकधी अळीचं बिऱ्हाड असतं!

जर्दाळू दोन प्रकारचे मिळतात. केशरी, बिनबियांचे आणि मऊ ते एक. तपकिरी, सुरकुतलेले, आत बी असलेले ते दुसरे, त्यांना आपल्याकडे खुबानी म्हणतात. आपल्याला दुसरे हवेत. त्यांची बी फेकू नका. फोडलीत तर आत बदामासारखी छोटी गिरी निघते.

आता कृती. सगळ्या मापांना घरातली आमटीची वाटी आणि पोह्याचा चमचा घ्या.

पांघरूण पहिलं : बटाटा (उपवासवाल्यांसाठी)

चार मध्यम बटाटे उकडून पूर्ण गार करा. शक्यतो सकाळीच उकडून फ्रीजमध्ये ठेवा. गरम बटाटा ओलसर असतो आणि कचोरी तेलात फुटते. मग किसून त्यात तीन चमचे राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ आणि सैंधव घालून मळा. पंधरा खजुरांच्या बिया काढा. पाव वाटी शेंगदाण्याचा कूट, दोन चमचे ओलं खोबरं, वाटलेली हिरवी मिरची, जिरं आणि लिंबाचे चार थेंब एकत्र करून खजुरात भरा. प्रत्येक खजुराभोवती बटाट्याचं पातळ आवरण द्या. खजूर कुठूनही डोकावता कामा नये. मध्यम आचेवर सोनेरी तळा. जिरं, मिरची, कोथिंबीर उपवासाला कुणाकडे चालते, कुणाकडे नाही, तेव्हा एक फोन करून विचारा. आणि तेल ताजं हवं. कालच्या कांदाभज्यांच्या तेलात तळलेली कचोरी उपवासाची राहत नाही.

पांघरूण दुसरं : सुरळी (जवळजवळ सगळ्यांसाठी)

एक वाटी बेसन, एक वाटी ताक, दोन वाट्या पाणी, हळद, मीठ. गुठळी राहू न देता घोटा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. ताटाच्या पाठीवर थोडं पसरून बघा. गार झाल्यावर अलगद सुटून आलं की झालं. मग भराभर दोन-तीन ताटांच्या पाठीवर पातळ पसरा आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा. इथे अख्खा खजूर घेऊ नका, पाटी फाटते. खजुराचे उभे दोन तुकडे करा, त्यावर शेंगदाण्याची सुकी चटणी दाबून बसवा आणि पट्टी गुंडाळा. वरून मोहरी-तिळाची फोडणी आणि कोथिंबीर.

जैन मित्रांसाठी दोन बदल. चटणी बिनलसणाची घ्या. आणि काटेकोर पाळणारी मंडळी कच्चं दही-ताक आणि डाळीचं पीठ एकत्र खात नाहीत. त्यांच्यासाठी ताकाऐवजी चिंचेचं पातळ पाणी वापरा. चिंच आपल्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची मिळाली तर बहारच! तिला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. आंबटपणा असा येतो की ताकाची आठवणही होत नाही.

पांघरूण तिसरं : खिमा (चालतो त्यांच्यासाठी)

दहा-बारा खुबानी रात्रभर कोऱ्या चहात भिजवा. परदेशी पुस्तकांत इथे वाइन किंवा रम सांगतात. आपल्या ग्रुपला चहाच बरा, आणि रंगही सुरेख येतो. पाव किलो मटण खिमा, दोन चमचे हरभरा डाळ, आलं-लसूण, गरम मसाला आणि मीठ एकत्र, पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवा आणि बारीक वाटा. भिजलेल्या खुबानीची बी काढून आत चिरलेला पुदिना, हिरवी मिरची आणि फोडलेली गिरी भरा. खिम्याच्या टिक्कीत ती बंद करा आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परता. लिंबू पिळूनच वाढा.

आता हलाल की झटका हा प्रश्न नांदेडात येणारच. एकाच कढईत दोघांचं समाधान होत नाही, तसा प्रयत्नही करू नका. मटण कुठल्या प्रकारचं ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहा आणि ताट वेगळं ठेवा. ज्याला चालत नाही त्याच्यासाठी बाकीच्या प्लेटा आहेतच. तुमच्या प्रत्येक पदार्थाला सगळ्यांनी हात लावलाच पाहिजे असं थोडंच आहे? पण प्रत्येकाला हात लावता येईल असा एक तरी पदार्थ हवाच.

पांघरूण चौथं : विड्याचं पान (शेवटच्या गोड घासासाठी)

ना तळण, ना गॅस. मऊ खजुरात एक छोटा चमचा गुलकंद, भाजलेली बडीशेप आणि सुक्या खोबऱ्याचा कीस भरा. विड्याच्या पानाचा देठ आणि शिरा काढा, पानाचा द्रोण करून खजूर त्यात ठेवा, घडी घाला आणि लवंग टोचा. तासभर फ्रीजमध्ये. चुना नाही, कात नाही, सुपारी नाही, त्यामुळे पान न खाणारेही खातात. साहेबानं जेवणाच्या शेवटी खारट घास ठेवला, आपण तिखटाच्या शेवटी विडा ठेवू. ज्याची त्याची पद्धत!

वाढताना...

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. बरेच जैन सूर्यास्तानंतर खात नाहीत. म्हणजे सरांची सुरळी सूर्य मावळायच्या आत बाहेर आली पाहिजे. ‘सात वाजता या’ असं सगळ्यांना सांगितलंत तर हिवाळ्यात त्यांना फक्त गप्पाच मिळतील. उलट रमजानात रोजेदार मित्रासाठी सूर्यास्त हीच सुरुवात. त्याच्यासमोर आधी साधे, न भरलेले खजूर आणि पाणी ठेवा. तुमची कलाकुसर त्यानंतर.

मांडणीचा क्रमही पाळा. तळताना आधी उपवासाचं, मग इतर शाकाहारी, खिमा अगदी शेवटी आणि वेगळ्या तव्यावर. प्रत्येक ताटासमोर छोटी चिठ्ठी लावा. ‘उपवासाचं’, ‘बिनकांदा-लसूण, बिनताक’, ‘मटण’. दिसायला थोडं लग्नाच्या बुफेसारखं वाटेल, पण त्या चार शब्दांमुळे कुणाला तोंड उघडून विचारावं लागत नाही. सगळ्या पार्टीत खरी मेहनत तीच आहे. कचोरी काय, कुणालाही जमते.

हिशेबही सांगून ठेवते. दहा जणांना पहिल्या प्लेटसाठी माणशी चार घास धरा, म्हणजे सगळे मिळून चाळीस. खजूर दिसतो छोटा, पण पोट भरवतो. जास्त केलंत तर जेवण उरेल. भरून ठेवलेले खजूर आदल्या रात्री फ्रीजमध्ये चालतात. पांघरूण मात्र त्याच दिवशी घाला.

तर या वीकएंडला एक तरी करून बघा. आणि कॅलेंडर हाताशी असेल तर येत्या रमजानातल्या दोन एकादश्यांवर आताच खूण करून ठेवा. त्यातली एक संध्याकाळ आपल्या गच्चीवर! मेन्यूची काळजी नको. सुरुवात कशानं करायची ते आता ठरलंय.